मेसरश्मिट 262 : उशीर हिटलरमुळे की इंजिनामुळे?

अश्विन_के
मेसरश्मिट 262 हे दुसऱ्या महायुद्धातलं जर्मन जेट लढाऊ विमान नुसत्या जेट इंजिनांवर पहिल्यांदा उडालं 18 जुलै 1942 ला, पण तुकड्यांच्या हाती आलं 1944 मध्ये. 'हिटलरला त्याचं बॉम्बफेकी विमान हवं होतं, म्हणून उशीर' हे उत्तर मला पटत नाही. इंजिनाचं नेमकं काय अडलं होतं? आणि वैमानिक थ्रॉटलला (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणाऱ्या दांड्याला) एवढे जपत का?

पोकळपातं
शंका रास्त आहे. हिटलरने ती मागणी नोव्हेंबर 1943 मध्ये केली, तेव्हा घाऊक उत्पादनाजोगं इंजिनच तयार नव्हतं. त्याच्या युमो 004 या जेट इंजिनाची पहिली आवृत्ती, 004 ए, चालायची, पण तिला निकेल, कोबाल्ट, क्रोमियम लागे आणि जर्मनीत त्यांची टंचाई. म्हणून पुढच्या 004 बी मध्ये ज्वलनकक्ष साध्या पोलादाचे केले, ते जळू नयेत म्हणून वर अॅल्युमिनियमचा लेप. टर्बाइनची (गरम वायूने फिरणाऱ्या चक्राची) पाती नंतर पत्रा वाकवून पोकळ केली आणि त्यांच्या आतून कंप्रेसरची (पुढून हवा दाबून आत ढकलणाऱ्या भागाची) गार हवा खेळवली.

त्यातच 1943 च्या उन्हाळ्यात पाती तुटू लागली. टर्बाइनच्या पुढे सहा ज्वलनकक्ष, मागे तीन आधारदांडे. प्रत्येक फेऱ्यात पात्याला त्यांचे ठरावीक धक्के बसत आणि पूर्ण वेगाला ते पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळत. माक्स बेंटेले या अभियंत्याने हे शोधलं. उपाय : पातं टोकाकडे अधिक निमुळतं, लांबी 1 मिमी कमी, फेरे मिनिटाला 9000 वरून 8700. माझ्या मते या विमानाच्या इतिहासातला हाच सगळ्यात मोलाचा मिलिमीटर!

एवढं करूनही इंजिनाचं आयुष्य 10 ते 25 तास.

रनवे_09
थ्रॉटलचं सांगतो. 6000 फेऱ्यांच्या खाली तो अगदी सावकाश सरकवावा लागे. झटक्यात पुढे ढकलला की इंधन लगेच वाढतं, पण जड रोटर (इंजिनातला फिरता भाग) वेग घ्यायला वेळ लावतो, त्यामुळे हवा कमी पडते. मग वायूचं तापमान भडकतं आणि पाती भाजून निघतात. झटक्यात मागे ओढला तर ज्योत विझते. म्हणूनच उतरताना एकदा ताकद कमी केली की ती पटकन परत मिळत नसे. अमेरिकेच्या मस्टँग लढाऊ विमानांचे वैमानिक नेमकी हीच वेळ साधायचे, आणि तळावर पहाऱ्याला पंख्याची फोके-वुल्फ 190 लढाऊ विमानं ठेवावी लागत.

इंजिन सुरू करायला तोंडातच दोन-स्ट्रोकची छोटी रीडेल मोटर होती. विजेवर सुरू होई, नाहीतर पुढची कडी धरून दोरी ओढायची.

शेपटीचं_चाक
एक भर. 1942 च्या त्या नमुन्याला शेपटीखाली चाक होतं. शेपूट जमिनीलगत, त्यात पंख्याचा झोत नाही, त्यामुळे एलिव्हेटरला (शेपूट वर-खाली करणाऱ्या झडपेला) हवाच मिळेना. चाचणी वैमानिक फ्रिट्झ वेंडेल यांनी जर्मनीतल्या लाइपहाइमच्या धावपट्टीवर ताशी 180 किमीच्या सुमारास ब्रेक हलकेच दाबला, शेपूट उचललं गेलं आणि विमान उडालं. नाकाखालचं चाक पाचव्या नमुन्यापासून आलं.

अश्विन_के
मनापासून आभार. मग पंखांचा 18.5 अंशांचा कल वेगासाठीच होता ना?

शेपटीचं_चाक
नाही. इंजिनं ठरल्यापेक्षा जड निघाली, गुरुत्वमध्य (विमानाचा तोल ज्या बिंदूवर राहतो तो) सरकला, त्याच्याशी पंखांच्या उचलीचा मेळ बसवायला बाहेरचे पंख मागे झुकवले.