'कावीळ झालीय' एवढंच सांगणं डॉक्टरांनी बंद करावं का?

जिंतूरचा मास्तर
मी शाळेत विज्ञान शिकवतो. दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावजयीला सातव्या महिन्यात डोळ्यांत पिवळेपणा आला. तालुक्याच्या दवाखान्यात 'कावीळ आहे' एवढंच सांगितलं. आमच्या घरात कावीळ म्हणजे उतरवायची गोष्ट. नेलं तिला. त्या माणसानं हाताला कसलासा रस चोळला, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं. सगळ्यांना वाटलं, निघाली. घरी हळद बंद, वरण बंद. आठ दिवस असे गेले. मग नांदेडला नेलं तेव्हा कळलं, हिपॅटायटिस ई. दूषित पाण्यातून येणारा विषाणू, आणि शेवटच्या तिमाहीत गरोदर बाईच्या जिवावर उठणारा. ती वाचली, बाळ गेलं.

आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावून चुन्याच्या पाण्यात धुतले तर निरोगी माणसाच्या हातूनही पिवळं पाणी निघतं. मी वर्गात करून दाखवतो. पण आम्ही रंगाला आजार समजलो, म्हणून रंग गेलेला दाखवणाऱ्याकडे गेलो. 'ई विषाणूनं यकृताला सूज आलीय' असं पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर माझी आई तिला उतरवायला घेऊन गेली नसती. माझं म्हणणं एवढंच आहे की रंगाचं नाव आजाराला देऊ नका.

परभणीची सिस्टर
सर, तुमच्या घरी झालं ते वाचून वाईट वाटलं. तरी मी विरोधात बोलणार. नवजात बाळांच्या कक्षात माझी अकरा वर्षं गेली. आमच्याकडं बाळ वेळेत पोचतं ते आजीनं 'लेकरू पिवळं दिसायलंय' म्हटलं म्हणून. तो शब्द काढला तर मी आईला घरी काय बघायला सांगू? रक्तात साठून पिवळेपणा आणणारं बिलिरुबिन डोळ्यांना दिसत नाही, रंग दिसतो.

फक्त रंग नीट बघायला शिकवावं लागतं. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, कपाळावर आणि छातीवर बोट दाबून उचलायचं. पिवळेपणा चेहऱ्याकडून खाली उतरत जातो. तळहात-तळपायापर्यंत आला, किंवा जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत दिसला, तर थांबायचं नाही. फार वाढलेलं बिलिरुबिन मेंदूत जाऊन बसतं, मग बहिरेपण येतं, हातपाय आखडतात. त्या आजाराच्या कर्निक्टेरस या नावाचा अर्थसुद्धा मेंदूच्या केंद्रकांची कावीळ असाच आहे. म्हणजे मोठ्या डॉक्टरांनीही रंगच धरला.

अंबाजोगाईची लॅब
सिस्टरांशी सहमत. आमच्या शास्त्रात रंगाशिवाय पान हलत नाही. पीतज्वर, डोळ्याच्या पडद्यावरचा पीतबिंदू, स्त्रीबीज सुटल्यावर अंडाशयात राहणारा पीतपिंड. रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या नावातला 'फ्लेविन' म्हणजे पिवळाच. फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी 1819 मध्ये यकृत निबर होण्याच्या आजाराला 'सिरोसिस' हे नाव दिलं ते पिवळसर तपकिरी यकृत बघून, ग्रीक 'किर्रोस'वरून. आज सिरोसिस ऐकून कुणाला रंग आठवत नाही, आणि पेशंटला त्या शब्दातून काही कळतही नाही. मास्तर, रंग काढलेल्या नावांचं असं होतं.

बिलिरुबिन या नावाचा अर्थ मात्र 'पित्तातला तांबडा'. तांबड्या पेशी फुटतात, त्यातून आधी हिरवं बिलिव्हर्डिन, मग पिवळं बिलिरुबिन. मुका मार आधी निळा, मग हिरवट, मग पिवळा होतो तो याच वाटेनं.

वसमतचा हळदवाला
मी मास्तरांच्या बाजूनं. माझं कारण दोन्हीकडचं हाय. हळद आमचं पीक, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळालंय. अन् घरात कुणाला कावीळ झाली की पहिली हळदच बंद! हळदीचा पिवळा कर्क्युमिनचा, डोळ्यातला पिवळा बिलिरुबिनचा. दोघांचा काय संबंध? रंग एक म्हून आजारी माणसाचं वरण तोडायचं, हे मला पटत नाही.

दुसरं, सोयाबीन. 'पिवळं पडायलंय' म्हटलं की दुकानदार युरिया देतो. मी एक वर्ष तसंच केलं, सगळं वाया. आमच्या चुनखडीच्या रानात लोह कमी पडतं. नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या, तर फेरस सल्फेट फवारायचं. खालची जुनी पानं आधी पिवळी पडली तर नत्र कमी. अन् पिवळे-हिरवे चट्टे असतील तर मोझॅक. तो विषाणू पांढऱ्या माशीतून पसरतो, झाड उपटावंच लागतं. माझ्यापाशी शब्द एकच होता, पिवळं.

लातूरची वैद्य
दादा, तुम्ही आत्ता तीन पिवळे वेगळे करून दाखवलेत. तेही रंग बघूनच! चरकसंहितेत पांडुरोगाच्या अध्यायात कामला येते. आपला 'कावीळ' त्याच शब्दातून आला, त्यात पिवळा कुठंच नाही. डोळे, त्वचा, नखं हळदीसारखी, एवढ्यावर चरक थांबत नाही. एका प्रकारात मळ वाटलेल्या तिळासारखा होतो असं सांगून वाट अडल्याचं कारण देतो. पित्त आतड्यात उतरलं नाही तर मळाला रंग येत नाही, हे आजही खरं आहे. मास्तर, शब्द ठेवा. त्याच्यापुढचा प्रश्न विचारायचं आपण सोडून दिलं, ते परत सुरू करू.

जिंतूरचा मास्तर
वैद्यबाई, प्रश्न कुणी विचारायचा? आमच्या घरात दहावीच्या पुढं शिकलेला मी एकटा, आणि त्या दिवशी मी शाळेत होतो. विचारायचं ओझं पेशंटवर टाकू नका. सिस्टरांचं एक मानतो, घरी ओळखायला 'पिवळं' पाहिजेच. पण दवाखान्यातून बाहेर पडताना कागदावर कारण पाहिजे. 'कावीळ, ई विषाणू.' 'कावीळ, पित्ताच्या नळीत खडा.' दुसरा शब्द नसेल तर तो कागद अर्धा आहे, यावरून मी हटणार नाही.

सेलूहून
मधेच विचारते, माफ करा. बहिणीचं बाळ पंचवीस दिवसांचं आहे. पिवळेपणा जाईना. सगळे म्हणतात कोवळ्या उन्हात धरा, आपोआप जाईल. वरचं वाचून भीती वाटली. शी पांढरट आहे, पिठासारखी.

परभणीची सिस्टर
ताई, उन्हात धरणं थांबवा. दोन आठवड्यांनंतरही पिवळेपणा आहे आणि शी पांढरट, म्हणजे पित्ताची वाट बंद असू शकते. ही कावीळ उन्हानं जात नाही, आमच्या निळ्या दिव्यानंही नाही. आजच मोठ्या रुग्णालयात न्या. एकूण आणि डायरेक्ट, दोन्ही बिलिरुबिन तपासायला सांगा. शीचा लंगोट पिशवीत घालून सोबत घ्या, डॉक्टरांना रंग दाखवा. ऑपरेशन लागलंच तर दोन महिन्यांच्या आत झालेलं बरं असतं, तुमच्या हातात वेळ आहे. पोचलात की इथं लिहा, मी जागी आहे.