पंचेचाळीशीनंतर रेफ्रीच्या हातात शिट्टी द्यावी का?

लाल माती: आमच्या तालुक्याच्या फुटबॉल बैठकीत यंदा ठराव येतोय: ४५ ओलांडलेल्याला मधला रेफ्री करायचं नाही, फार तर लाईनवर उभं करायचं. माझा पाठिंबा. गेल्या मोसमात एका सेमीफायनलला कॉर्नर गोलकीपरच्या हातात गेला, त्यानं लांब फेकला, आणि तीन पासात चेंडू पलीकडच्या बॉक्सशी, म्हणजे गोलसमोरच्या चौकोनाशी. रेफ्रीसाहेब मध्यरेषेवर धापा टाकतायत. तिथूनच पेनल्टी! घसरल्याची खूण मातीत उमटली होती, बॉक्सच्या चांगली हातभर बाहेर, आणि पेनल्टी तर आतल्या फाऊललाच मिळते. नियम तोंडपाठ असलेला माणूस, पण दिसलंच नाही तर नियम घेऊन काय करायचं?

साईडलाईन: इटलीचा रेफ्री कोलिना २००२च्या वर्ल्डकप फायनलला ४२ वर्षांचा होता. फिफाचीही ४५ची मर्यादा होती, ती नंतर त्यांनीच काढून टाकली. आता टेस्ट बघतात. ४० मीटरच्या सहा स्प्रिंट, प्रत्येक ६ सेकंदांत. मग ७५ मीटर १५ सेकंदांत धावायचं, २५ मीटर १८ सेकंदांत चालायचं, असं ४० वेळा. जो पास होईल तो शिट्टी वाजवेल. जन्मदाखला कशाला हवा?

दर्यावर्दी: ती टेस्ट आमच्या पोरांका तरी झेपतली काय? 😀

जुनी शिट्टी: मी बरीच वर्षं रेफ्री होतो, आता नाही, तेव्हा माझा स्वार्थ नाही. लोकांना वाटतं अनुभवी माणूस कमी धावतो. तसं नसतं, तो आधी निघतो. कीपरनं कॉर्नर पकडला की नवखा चेंडूकडे बघत राहतो. जुना माणूस विंगवर कोण मोकळा आहे ते बघून पाठमोरा सरकायलाही लागलेला असतो. ॲडव्हान्टेजचंही तेच. फाऊल झाला तरी दोन-तीन सेकंद श्वास धरून थांबायचं, फायदा झाला नाही तर मागे येऊन फ्रीकिक द्यायची. नवीन पोरगा घाबरून लगेच फुंकतो आणि चांगला चाललेला हल्ला मारतो. पंचविशीतल्या पायांनी हे येत नाही.

लाल माती: मान्य, पण अनुभवाची दुसरी बाजू कोणी बोलत नाही. तोच रेफ्री, तेच संघ, वर्षानुवर्षं. ‘हा नेहमीच नाटक करतो’ हे डोक्यात बसलं की खरोखर लाथ बसली तरी शिट्टी येत नाही. आणि इंग्लंडचा रेफ्री ग्रॅहम पोल विसरलात? २००६चा वर्ल्डकप, क्रोएशिया-ऑस्ट्रेलिया. दोन पिवळ्यांवर खेळाडू बाहेर जातो, यानं क्रोएशियाच्या शिमुनिचला तीन पिवळी कार्डं दिली तेव्हा कुठे बाहेर काढला! दुसऱ्या वर्ल्डकपला आलेला माणूस होता तो.

साईडलाईन: मग ते उदाहरण तुझ्याच विरुद्ध जातं. पोलला धाप लागली म्हणून चूक झाली नाही, वहीत नोंद चुकली. उद्या तिशीतलाही चुकेल. तुझा ठराव वयावर आहे आणि तक्रार भलत्याच गोष्टीची.

दर्यावर्दी: पायांचा आणि डोक्याचा संबंधच नाही असं नका म्हणू. मे महिन्यात आपल्याकडे घाम सुकतच नाही, अंग तापतच जातं. सत्तराव्या मिनिटाला धापा टाकणारा चेंडूच शोधत असतो, मग चुकीचा नंबर लिहिणारच.

जुनी शिट्टी: हे खरं. नियमांत उकाड्यासाठी कूलिंग ब्रेकची सोय आहे, दीड ते तीन मिनिटांची. आमच्या स्पर्धांत तो मागितला की आयोजक म्हणतात, “काळोख पडेल, चालू करा.”

लाल माती: बरं, ४५ची अट काढतो, मोसमाआधी टेस्ट टाकू. पण आकडे फिफाचे नाहीत, आपल्या मैदानाला झेपतील असे. आणि नापास झाल्यावर ‘ते ज्येष्ठ आहेत’ म्हणून परत मधे आणायचं नाही.

साईडलाईन: चालेल. फक्त नापास झाल्याचं त्यांना सांगायला बैठकीतलं कोण जाणार ते आत्ताच ठरवा.

दर्यावर्दी: आणि दुपारी तीनची मॅच कोण लावता, ताही.