मदत हवी आहे: मिनेसोटाचा कायदा अडकलाय, १७ मे तोंडावर. रिटर्नं भरून टाकू की धरून ठेवू?

उत्तरवारा, ३ मे २०२१

नमस्कार मंडळी. अमेरिकेत टॅक्सचं काम करणारे बरेच जण इथे लिहितात असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारते आहे. मी एनरोल्ड एजंट आहे, म्हणजे फेडरल परवाना असलेली कर सल्लागार. मिनेसोटात सेंट पॉलजवळ छोटं ऑफिस आहे, मी आणि सीझनपुरते दोन मदतनीस. क्लायंट बहुतेक पगारदार, थोडे छोटे धंदेवाले.

११ मार्चला, म्हणजे ऐन सीझनमध्ये, फेडरल कायदा आला. २०२० सालच्या बेकारभत्त्यातले १०,२०० डॉलर करमुक्त, उत्पन्न दीड लाखाच्या आत असेल तर. त्याआधी २७ डिसेंबरला पीपीपी कर्जाचा (कोविडमध्ये छोट्या धंद्यांना पगारासाठी मिळालेलं, माफ होऊ शकणारं सरकारी योजनेतलं कर्ज) निकाल लागला होता: कर्जमाफी करमुक्त, आणि त्या पैशातून केलेला खर्चही वजा करता येतो. फेडरल रिटर्नचा प्रश्न मिटला.

मिनेसोटाचा नाही. काही राज्यं फेडरल बदल आपोआप उचलतात, आमचं राज्य त्यातलं नाही. आमचा कायदा ३१ डिसेंबर २०१८ च्या फेडरल कोडला बांधलेला आहे. त्यानंतर वॉशिंग्टनला काय बदललं ते इथल्या विधिमंडळाने वेगळं मंजूर करेपर्यंत इथे लागू होत नाही. आणि विधिमंडळात हाउस एका पक्षाकडे, सिनेट दुसऱ्याकडे. सूट द्यावी असं दोघांनाही वाटतं, पण किती आणि कुणाला यावर महिनोन् महिने भिजत घोंगडं पडलंय. अधिवेशन संपतं १७ मेला. रिटर्नची मुदतही १७ मेलाच.

दोन क्लायंटची उदाहरणं देते, म्हणजे अडचण कळेल.

पहिल्या बाई हॉटेलात हाउसकीपिंग करायच्या. २०२० च्या मार्चमध्ये काम गेलं. पगार ७,००० डॉलर, बेकारभत्ता २१,०००. भत्त्यातून कर कापून घ्यायचा पर्याय असतो, त्यांनी घेतला नव्हता. हातात येणारा प्रत्येक डॉलर भाड्याला लागत होता. आजच्या कायद्याप्रमाणे मिनेसोटासाठी २८,००० मधून १२,४०० ची स्टँडर्ड डिडक्शन (ठरावीक वजावट) गेली की १५,६०० उरतात. ५.३५ टक्क्यांनी कर साधारण ८३५. पगारातून कापलेले २५० वजा जाता त्यांनी ५८५ डॉलर भरायचे. उद्या कायदा झाला तर १०,२०० आणखी वजा होऊन हाच आकडा ३९ वर येतो. फेडरलकडून मात्र त्यांना रिफंड येणार आहे आणि त्या दर दोन दिवसांनी फोन करून विचारतात.

दुसरे गृहस्थ छोटं उपाहारगृह चालवतात, शेड्यूल सीवाले, म्हणजे धंद्याचा नफा स्वतःच्याच रिटर्नवर दाखवणारे. ६०,००० चं पीपीपी कर्ज नोव्हेंबरात माफ झालं. फेडरलला काही नाही, पण मिनेसोटासाठी आज ते एम१एनसी या फॉर्मवर (फेडरलशी न जुळणारे फरक दाखवायचा राज्याचा फॉर्म) उत्पन्नात पुन्हा धरावं लागतं. ते ६.८ टक्क्यांच्या टप्प्यात आहेत, म्हणजे ४,०८० डॉलर जास्त. गेलं वर्षभर ते पार्सलवर तगून आहेत. एवढी रक्कम मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगू?

तर प्रश्न असा की आजच्या कायद्याने भरून नंतर अमेंड करायचं, म्हणजे दुरुस्त रिटर्न पुन्हा पाठवायचं, की थांबायचं? फेडरल आधी पाठवून स्टेट मागे ठेवणाऱ्यांना काही त्रास झालाय का? आणि अमेंड करावं लागलं तर त्याचे पैसे घ्यायचे का? कायदा उशिरा झाला यात क्लायंटची काहीच चूक नाही. पण शंभरावर रिटर्नं फुकट पुन्हा करायची माझीही ताकद नाही.

कोरी_पाटी, ३ मे

मी टॅक्सवाला नाही, साधा करदाता आहे. आयआरएसने, म्हणजे फेडरल कर खात्याने, सांगितलंय ना, ज्यांनी आधी भरलं त्यांनी अमेंड करू नका, आम्हीच हिशोब करून पैसे पाठवू? मग स्टेटचंही तसंच होईल की.

उत्तरवारा, ३ मे

आयआरएसने ते ३१ मार्चला जाहीर केलं कारण त्यांच्या हातात कायदा होता. राज्याच्या कर विभागाच्या हातात अजून काहीच नाही. कायदाच झाला नाही तर ते परत काय देणार?

एडिसनकर, ३ मे

ताई, तुमचं दुखणं समजतंय. आमच्याकडे न्यू जर्सी बेकारभत्त्यावर करच लावत नाही, त्यामुळे इथल्यांचा प्रश्न नव्हता. पण माझे कितीतरी क्लायंट नदीपलीकडे न्यू यॉर्कला कामाला जाणारे, भत्ताही तिकडचाच. न्यू यॉर्कने सांगून टाकलं की आम्ही ही सूट देत नाही, १०,२०० परत उत्पन्नात धरा. लोक चिडले. पण मला काम करता आलं, कारण उत्तर मिळालं होतं. मेरीलँडने फेब्रुवारीतच स्वतःचा कायदा केला आणि मुदत १५ जुलैपर्यंत नेली. मॅसॅच्युसेट्सने १ एप्रिलला कायदा केला, पण सूट फक्त कमी उत्पन्नवाल्यांना. माझा एक क्लायंट वर्षाच्या मध्यात बॉस्टनहून इकडे आला, त्याच्या एकाच भत्त्याचे तीन वेगळे हिशोब झाले.

माझा सल्ला: हॉटेलवाल्या बाईंचं फेडरल आजच पाठवा. त्यांचे पैसे अडवून ठेवायला काही कारण नाही. स्टेट मागाहून एकटं ई-फाइल होतं का ते तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी बघून घ्या. आणि मिनेसोटाला एक्स्टेंशनचं काय आहे?

उत्तरवारा, ३ मे

इथे रिटर्न भरायला सहा महिन्यांची मुदतवाढ आपोआप मिळते, अर्जही लागत नाही. पण ती फक्त कागदांना. पैसे १७ मेच्या आतच. तिथेच घोडं अडतं. बाईंनी ५८५ भरायचे की ३९?

एडिसनकर, ४ मे

हा निर्णय त्यांचा. तुम्ही दोन्ही आकडे एका कागदावर मांडून द्या. ३९ भरले आणि कायदा नाही झाला, तर उरलेल्या ५४६ वर दंड आणि व्याज. तुमच्याकडे उशिराच्या भरण्याला ४ टक्के दंड आहे ना? म्हणजे २२ डॉलरच्या आसपास, वर थोडं व्याज. ५८५ भरले आणि कायदा झाला, तर ५४६ डॉलर कित्येक महिने सरकारकडे पडून राहणार. ज्या बाईला भाडं भरायचंय तिला या दोन्हींतला फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो. जे ठरेल ते ईमेलवर लिहून घ्या.

खाडीकाठ, ४ मे

फ्रीमाँटहून लिहिते आहे. आमच्याकडे पीपीपीचा असाच घोळ होता. कॅलिफोर्नियाने कर्जमाफी करमुक्त केली होती पण खर्च वजा करू देत नव्हते. एबी ८० या नव्या कायद्यावर गव्हर्नरची सही २९ एप्रिलला झाली. आता खर्च वजा करता येतो, पण एक अट आहे: २०२० च्या एखाद्या तिमाहीतली विक्री २०१९ च्या त्याच तिमाहीपेक्षा किमान २५ टक्क्यांनी घटलेली हवी. मी मार्चपासून सगळे पीपीपीवाले बाजूला ठेवले होते, ते बरं झालं. पण आता प्रत्येकाकडून दोन वर्षांची तिमाही विक्री मागवते आहे, आणि मुदतीला दोन आठवडे उरलेत.

म्हणून सांगते, उपाहारगृहवाल्यांकडून तिमाही आकडे आत्ताच मागवून ठेवा. तुमचं विधिमंडळही काही अट घालू शकतं. कायदा होईल तेव्हा हे गृहस्थ किचनमध्ये असतील आणि तुम्ही पुढच्या शंभर फायलींत.

आणि एक गोष्ट आपण सगळ्यांनीच पाळायला हवी. होऊ घातलेल्या कायद्यावर रिटर्न भरायचं नाही. "सगळे म्हणताहेत होणार आहे, तर ६०,००० धरू नका" असं क्लायंट म्हणेल. सही करतो त्या दिवशी जो कायदा आहे तोच खरा. आपल्या परवान्याचा प्रश्न आहे, आणि खोटी माहिती दिली तर शिक्षा होईल, अशा शपथेखाली क्लायंट सही करत असतो.

रात्रपाळी, ४ मे

मी पुण्यात बसून अमेरिकन फर्मसाठी रिटर्नं तयार करतो. सध्या इथे निर्बंध कडक आहेत, सगळी टीम घरून काम करते आहे, दोघांच्या घरी कोविड आहे. तरी रात्री लॉगिन होतोच, कारण तुमची मुदत आमचीही मुदत.

आमच्याकडे वीसेक राज्यांची रिटर्नं येतात, त्यामुळे एक गोष्ट अनुभवाने सांगतो, ती कुणी फारशी बोलत नाही. कायदा बदलला की सॉफ्टवेअरचं अपडेट येतं. अपडेटनंतर तुम्ही आधीच पाठवलेलं रिटर्न नुसतं उघडून बघितलंत तरी ते नव्या नियमाने पुन्हा मोजलं जाऊ शकतं. मग स्क्रीनवरचा आकडा वेगळा आणि प्रत्यक्ष भरलेला वेगळा. अमेंड करताना "मूळ रक्कम" चुकीची येते. म्हणून भरलेल्या प्रत्येक रिटर्नची पीडीएफ आणि लॉक केलेली प्रत अपडेट घेण्याआधी काढून ठेवा. मार्चमध्ये फेडरल बदलला तेव्हा आम्ही हे आधीच केलं होतं म्हणून वाचलो.

दुसरं, प्रत्येक फाइलच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: "अमुक तारखेच्या कायद्याप्रमाणे तयार, बेकारभत्ता आहे / पीपीपी आहे / दोन्ही नाही." नंतर पाचशे फायलींतून नेमक्या कोणत्या पुन्हा उघडायच्या हे त्या ओळीवरून कळतं. तुमच्या मदतनीसांना आजपासून एवढं एक काम लावा.

एडिसनकर, ४ मे

फीबद्दल माझं स्पष्ट मत आहे. पैसे घ्यावेत. आपण वेळ विकतो, आणि तो वेळ खर्च झालेला असतो. राज्याने उशीर केला तर त्याचा भुर्दंड आपण का सोसायचा?

खाडीकाठ, ४ मे

मला हे पटत नाही. ज्या बाईला ५४६ डॉलर परत मिळायचेत तिच्याकडून अमेंडचे दीड-दोनशे घेतले तर त्या पैशातला तिसरा हिस्सा आपणच खाल्ला. धंदेवाल्यांकडून घ्या, बेकारभत्तावाल्यांकडून नको. आणि हे आत्ताच सांगा, बिल देताना नाही.

उत्तरवारा, ६ मे

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आणि आज तिघांनी बसून सगळ्या फायली चाळल्या आणि रात्रपाळी यांनी सांगितलेली ओळ प्रत्येकीवर घातली. ज्यांच्याकडे भत्ताही नाही आणि पीपीपीही नाही त्यांची रिटर्नं आम्ही घाबरून उगाच मागे ठेवली होती, ती आता धडाधड जाताहेत.

हॉटेलवाल्या बाईंचं फेडरल पाठवलं. दोन आकड्यांचा कागद त्यांना समोर बसून समजावला. त्यांनी ३९ भरायचं ठरवलं, शांतपणे, एका मिनिटात. उपाहारगृहवाल्यांनी पूर्ण रक्कम भरायची म्हटलं, कारण त्यांना सरकारचं देणं अंगावर नको आहे. त्यांना हप्त्यांचा पर्यायही सांगितला होता.

फीचं खाडीकाठ म्हणतात तसं करते. एडिसनकर, तुमचा मुद्दा चुकीचा नाही, पण मला या लोकांकडे पुढच्या वर्षीही बघायचंय.

उत्तरवारा, १८ मे

काल अधिवेशन संपलं. कर विधेयक झालं नाही. आता विशेष अधिवेशनाची वाट, कारण राज्याचं नवं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं आणि त्याआधी अर्थसंकल्प व्हावाच लागेल. काल दिवसभरात बाईंचा दोनदा फोन आला. सांगण्यासारखं काही नव्हतं, तरी दोन्ही वेळा उचलला.

उत्तरवारा, २ जुलै

झालं! काल, १ जुलैला गव्हर्नर वॉल्झ यांची सही झाली. बेकारभत्त्याची सूट आणि पीपीपी, दोन्ही आत. कर विभाग म्हणतो की घाईने अमेंड करू नका, आम्ही काय करतोय ते कळवू. ज्यांची स्टेट रिटर्नं मागे ठेवली होती ती नवे फॉर्म सॉफ्टवेअरमध्ये आल्यावरच पाठवीन. अपडेट घेण्याआधी सगळ्या प्रती काढून ठेवल्यात.

रात्रपाळी, ३ जुलै

अभिनंदन. अपडेट आल्यावर पहिली दोन-तीन रिटर्नं हाताने तपासून बघा. अशा घाईत आलेल्या अपडेटमध्ये पहिल्या आठवड्यात चुका सापडतात.

उत्तरवारा, २० सप्टेंबर

शेवटची माहिती, पुढे कुणाला लागली तर. कर विभागाने आधीच भरलेली ५,४०,००० हून जास्त रिटर्नं स्वतः दुरुस्त करायला सुरुवात केली आहे. साध्या बेकारभत्त्याच्या फायलींत आम्हाला अमेंड करावं लागणार नाही, म्हणजे फीचा प्रश्नही बराचसा सुटला. हॉटेलवाल्या बाईंचं स्टेट रिटर्न नव्या कायद्याने गेलं, ३९ डॉलर बरोबर होते, दंड नाही. त्या कामावर परत रुजू झाल्यात.

मात्र गुंतागुंतीच्या काही रिटर्नांना करदात्यानेच अमेंड करायचं आहे, आणि उपाहारगृहवाल्यांचं त्यात येतं का हे मला अजून ठरवता येत नाहीये. त्यांच्या रिटर्नवर पीपीपी सोडून एम१एनसीमध्ये घसाऱ्याच्याही ओळी आहेत. मिनेसोटाचं काम करणाऱ्या कुणाच्या अशा शेड्यूल सीवाल्या क्लायंटला विभागाचं पत्र किंवा चेक आला असेल, तर एम१एनसीच्या कोणत्या ओळी भरलेल्या होत्या तेवढं इथे लिहाल का? त्यांचे ४,०८० डॉलर अजून अडकलेत.