ग्लिफ्लोझिन गोळी आणि पुन्हा पुन्हा होणारा बुरशीचा संसर्ग : गोळी सोडावी का?

कोरांटी
आईला मधुमेह आहे, वय 58. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्यांच्या जोडीला एम्पाग्लिफ्लोझिन (ग्लिफ्लोझिन गटातली गोळी) 25 मिग्रॅ सुरू झाल्यापासून तिला योनीच्या बाहेर खाज, आग आणि फुटलेल्या दुधासारखा पांढरा स्राव असा त्रास होतोय. बुरशीवरच्या फ्लुकोनाझोल 150 ची एक गोळी घेतली की बरं वाटतं, मग काही आठवड्यांत पुन्हा तेच. साखर मात्र छान उतरली आहे. डोस 10 वर आणला तर फरक पडेल का? दर महिन्याला फ्लुकोनाझोल घेत राहावं, की ही गोळीच सोडावी?

नेफ्रॉन
डोस कमी करून फारसं हाती लागणार नाही. मूत्रपिंडात गाळली गेलेली साखर ही गोळी रक्तात परत शोषू देत नाही, ती लघवीवाटे बाहेर टाकते. मधुमेहींमध्ये 25 मिग्रॅवर दिवसाला साधारण 78 ग्रॅम साखर जाते आणि 10 मिग्रॅवर साधारण 64. बुरशीला दोन्ही पुरतात.

आधी निदान पक्कं करून घ्या. पाळी गेलेल्या वयात नुसत्या कोरडेपणानेही खाज आणि आग होते, त्यावर बुरशीचं औषध घेऊन काही होत नाही. माशासारखा वास येत असेल तर बहुधा जिवाणूंचा प्रकार असतो. स्रावाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करा. त्रास परत आलाय, तर कल्चरही (स्रावातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून ओळखणं) करा. कॅन्डिडा ग्लाब्राटा ही बुरशीची जात निघाली तर फ्लुकोनाझोल बऱ्याचदा लागू पडत नाही. मग बोरिक ॲसिडच्या 600 मिग्रॅ कॅप्सूल रोज एक, 14 दिवस, फक्त योनीत ठेवायला दिल्या जातात. या कॅप्सूल तोंडावाटे घेणं विषारी आहे, त्यामुळे इतर गोळ्यांच्या डब्यात त्या अजिबात नकोत.

नेहमीची कॅन्डिडा असेल तर उपचार बहुधा अपुरा पडतोय. मधुमेहात, विशेषतः साखर चढलेली असताना किंवा सूज-लाली जास्त असताना, एका गोळीवर भागत नाही. फ्लुकोनाझोल 150 मिग्रॅचे दोन किंवा तीन डोस 72 तासांच्या अंतराने देतात, किंवा क्लोट्रिमाझोल हे बुरशीचं औषध 7 ते 14 रात्री योनीत वापरायला सांगतात. खाज दोन-तीन दिवसांत थांबते आणि तिथेच लोक औषध सोडतात. कोर्स पूर्ण करा.

महिन्यातून एक गोळी या पद्धतीला आधार नाही. वर्षात तीन किंवा अधिक वेळा संसर्ग झाला तर आधी तो पूर्ण बरा करून मग आठवड्याला 150 मिग्रॅ, सहा महिने, अशी पद्धत आहे. ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

खलबत्ता
वरच्या यादीत ग्लिमेपिराइड आहे, तिकडे लक्ष द्या. फ्लुकोनाझोल यकृतातलं ज्या एन्झाइमचं काम रोखतं, त्याच एन्झाइमने ग्लिमेपिराइडचा निचरा होतो. म्हणजे ग्लिमेपिराइड रक्तात जास्त वेळ राहतं आणि साखर एकदम खाली येऊ शकते. एम्पाग्लिफ्लोझिनने ती आधीच उतरलेली आहे. फ्लुकोनाझोलच्या दिवशी आणि पुढचे तीन-चार दिवस ग्लुकोमीटरवर जास्त वेळा बघा, जेवण चुकवू नका. रक्त पातळ करणारं वॉरफरिन किंवा कोलेस्टेरॉलचं सिमवास्टॅटिन चालू असेल तर तेही आधी सांगा. आठवड्याची गोळी सुरू करायची झाली तर ग्लिमेपिराइडचा डोस डॉक्टरांकडून नव्याने ठरवून घ्यावा लागेल. हा गुंता नको असेल तर योनीत ठेवायचं क्लोट्रिमाझोल बरं, ते रक्तात फारसं उतरत नाही.

आणि स्टेरॉइड मिसळलेलं ‘सगळ्यावर चालणारं’ मलम लावू नका. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन असलं की खाज पटकन जाते, म्हणून ते लोकप्रिय. पण आतून बुरशी पसरत राहते आणि कातडी पातळ होते. ट्यूबवर औषधाचं एकच नाव हवं : क्लोट्रिमाझोल 1 टक्का.

कोरांटी
ग्लिमेपिराइडचं कुणीच सांगितलं नव्हतं. धुण्यासाठी खास लिक्विड मिळतं ते वापरावं का?

नेफ्रॉन
नको. साधं पाणी पुरे. बाहेरच्या भागावर राहिलेली साखरेची लघवी धुऊन काढायची, एवढाच हेतू आहे. आत पाणी मारायचं नाही, साबण किंवा जंतुनाशकही नको. प्रत्येक लघवीनंतर धुवा आणि टिपून कोरडं करा. बहुतेक जण धुतात, पण टिपत नाहीत, आणि ओलावा तर बुरशीला हवाच असतो. रात्रीची लघवीही यातून सुटत नाही. खोकताना-शिंकताना लघवी निसटत असेल तर पॅड ओलं झाल्या झाल्या बदला. सुती, सैल अंतर्वस्त्रं वापरा. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी कमी पिणं मात्र चुकीचं.

दुपारची_ओपीडी
पुरुषांनाही हे होतं, विशेषतः सुंता झालेली नसेल तर. शिश्नाच्या टोकावर लाली, बारीक पुटकुळ्या, कातडीखाली पांढरा थर. कातडी मागे घेऊन पाण्याने धुवा, कोरडं करा, क्लोट्रिमाझोल 1 टक्का दिवसातून दोनदा, 7 ते 14 दिवस लावा. कातडी नंतर पुढे आणायला विसरू नका, नाहीतर टोकाला सूज येऊन ती तिथेच अडकते. कातडी मागेच जात नसेल किंवा तिला चिरा पडत असतील तर सर्जनला दाखवा. तेलकट बेसच्या मलमांनी लॅटेक्सचा कंडोम कमकुवत होतो.

गोळी सोडण्याबद्दल : एखाद-दुसऱ्या संसर्गासाठी सोडत नाहीत. हृदय किंवा मूत्रपिंडासाठी दिली असेल तर परस्पर बंद करणं महागात पडतं. पूर्ण उपचार आणि स्वच्छता करूनही त्रास येतच राहिला तर डॉक्टर पर्याय देतील. बंद केल्यावरही साधारण तीन दिवस लघवीत साखर जात राहते, म्हणून लगेच निकाल लावू नका.

मात्र गुप्तांग ते गुदद्वार या पट्ट्यात तीव्र वेदना, सूज, लाली आणि ताप किंवा गळून गेल्यासारखं वाटणं, असं झालं तर मलम लावत बसू नका. फोर्नियर गँगरीन, म्हणजे या भागातलं मांस सडवणारा संसर्ग, दुर्मीळ आहे, पण तासातासाने पसरतं. गोळी थांबवून थेट इमर्जन्सीत जा. उलट्या, पोटदुखी, धाप लागली आणि ग्लुकोमीटरवर साखर 200 च्या खाली दिसली, तरी केटोन तपासा. या गोळ्यांवर केटोॲसिडोसिस (केटोन साठून रक्त आम्लधर्मी होणं) साखर न वाढताही होतो.

कोरांटी
कल्चरला देते. निकाल येईपर्यंत 25 चालू ठेवायची ना?

दुपारची_ओपीडी
वरची धोक्याची लक्षणं नसतील तर हो. पण जुलाब-उलट्या लागल्या, खाणं-पिणं बंद झालं, तर तेवढे दिवस थांबवून डॉक्टरांना कळवा. शस्त्रक्रिया ठरली असेल तर निदान तीन दिवस आधी.