एअर पिस्तूलवरून पॉइंट टू टू वर जाताना अनलोड करायचा क्रम काय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे शूटिंगवाले कोणी असतील तर प्लीज सांगा. मुलगी एअर पिस्तूल मारते, आता कोचनी तिला २५ मीटर पिस्तूल सुरू करायला सांगितलंय, म्हणजे पॉइंट टू टू (.२२) बोअरचं, खऱ्या गोळ्यांचं (राही सरनोबतनी २०१८ च्या एशियन गेम्सला गोल्ड घेतलं तोच इव्हेंट, त्यामुळे पोरगी जाम खुश आहे). पिस्तूल क्लबचंच आहे आणि कोच समोर नसताना हात लावायचा नाही हे तिला पक्कं माहितीये, पण मलाही समजून घ्यायचंय. कारण एअरमध्ये एकच छर्रा, टाकला, मारला, विषय संपला, इथे मॅगझिनमध्ये पाच गोळ्या आणि एक उडाली की पुढची आपोआप चेंबरमध्ये (नळीच्या मागे गोळी बसते ती जागा) जाते, म्हणजे आत काही उरलंय का ते बाहेरून कळतच नाही.

रेंजवरची दोन सिनियर मुलं दोन पद्धती सांगतात. एक म्हणतो 'अनलोड' कमांड आली की आधी स्लाइड (पिस्तुलाचा मागे ओढायचा भाग) ओढ, मग मॅगझिन काढ. दुसरा म्हणतो आधी मॅगझिन. दोन्ही करायचंच आहे तर फरक पडतो का? आणि नळी रिकामी आहे हे दाखवायला एअरला वापरतो ती केशरी दोरी इथे चालते का? रॅपिडमध्ये (याच इव्हेंटचा झटपट मारायचा भाग) टार्गेट दर शॉटला ३ सेकंदच समोर असतं, एखादा शॉट राहिला तर ती गोळी कशी काढायची?

प्रतिसाद, कोल्हापूरकर:
ताई, फरक पडतो, खूप पडतो. मॅगझिन आत असताना स्लाइड ओढली की चेंबरमधली गोळी बाहेर पडते खरी, पण स्लाइड सोडली की मॅगझिनमधली वरची गोळी परत आत बसते. मग मॅगझिन काढलं की पोराला वाटतं झालं रिकामं, आणि चेंबरमध्ये एक तशीच! म्हणून आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड ओढून उघडीच ठेवायची, मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं, मग फ्लॅग (चेंबर रिकामी असल्याची खूण) घालायचा आणि नळी टार्गेटकडे ठेवूनच टेबलावर ठेवायचं. तुमची रॅपिडमध्ये राहिलेली गोळी पण अशीच निघते, स्लाइड ओढली की बाहेर पडते. हे सगळं होईपर्यंत बोट ट्रिगरगार्डच्या बाहेर. आणि लोड करायचं ते 'लोड' म्हटल्यावरच, त्याआधी मॅगझिन नुसतं अडकवून ठेवणं पण नाही.

प्रतिसाद, पुणेरी नेमबाज:
फ्लॅगचं सांगतो. एअरला दोरी पूर्ण नळीतून आरपार गेली पाहिजे असा नियम आहे, पॉइंट टू टू ला चेंबर रिकामी आहे हे दाखवणारा फ्लॅग लागतो, तो क्लबमध्ये मागा. अजून एक, कागदी टार्गेट असेल तर लोक बघायला पुढे जातात, तेव्हा फ्लॅग घातलेल्या पिस्तुलाला पण कोणी हात लावायचा नाही, ग्रिप पुसायला सुद्धा नाही, सगळ्यांनी लाइनच्या मागे उभं राहायचं. मुलं नेमकी इथेच ढिली पडतात, त्यामुळे सुरुवातीला तुम्ही स्वतः मागे उभं राहून बघा.

मूळ धागाकर्ती:
खूप आभार दोघांचे, आता डोक्यात बसलं. एक शेवटचं, ट्रिगर दाबला आणि गोळी उडालीच नाही तर?

प्रतिसाद, कोल्हापूरकर:
नळी टार्गेटकडेच, ग्रिप सोडायची नाही, मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवायचं. स्लाइड लगेच ओढायची नाही, कधीकधी गोळी उशिरा उडते, प्रॅक्टिसला आम्ही ३० सेकंद तरी थांबायला लावतो. आणि आवाज फुसका आला, झटका नेहमीसारखा बसला नाही, तर पुढची गोळी अजिबात मारायची नाही, आधीची नळीत अडकलेली असू शकते. अनलोड करून पिस्तूल तिथेच ठेवायचं आणि नळी कोचनी तपासल्याशिवाय पुढे काही नाही.