प्रत्यारोपणाच्या वेळचे प्रतिपिंड-औषध : शरीर अवयव स्वीकारते की केवळ गप्प बसते?

कोकणवारा (प्रश्न)

नमस्कार. माझ्या थोरल्या बहिणीचे मूत्रपिंड प्रत्यारोपण येत्या काही आठवड्यांत ठरले आहे. ती डायलिसिसवर असून तिला दोन मुले आहेत. पहिल्यांदा भावोजींनी मूत्रपिंड देण्याची तयारी दाखवली होती आणि रक्तगटही जुळत होता. परंतु क्रॉसमॅच (दात्याच्या पेशी आणि रुग्णाचे रक्त यांची जुळणी-चाचणी) पॉझिटिव्ह आला आणि ताईच्या रक्तात भावोजींच्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, या कारणाने त्यांना दाता म्हणून नाकारण्यात आले. आता आमची आई दाता आहे आणि तिच्याबरोबरचा क्रॉसमॅच निगेटिव्ह आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी ताईला एटीजी नावाचे इंजेक्शन द्यायचे आहे. तेही एक प्रकारचे प्रतिपिंडच असते, असे आम्हाला सांगण्यात आले. वॉर्डात ओळख झालेल्या दुसऱ्या एका रुग्णाला मात्र बॅसिलिक्सिमॅब दिले होते.

माझ्या शंका दोन आहेत. ज्या प्रतिपिंडांमुळे भावोजींचे मूत्रपिंड चालले नाही, तीच वस्तू आता औषध म्हणून कशी चालते? आणि हे औषध जर हल्ला करणाऱ्या पेशीच नष्ट करत असेल, तर त्यानंतर शरीराने आईचे मूत्रपिंड कायमचे आपले मानायला हवे. मग आयुष्यभर टॅक्रोलिमसच्या (प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या) गोळ्या कशासाठी? उपचार बदलण्याचा आमचा विचार नाही, केवळ समजून घ्यायचे आहे.

पेशीपुराण

मी रोगप्रतिकारशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही; तेव्हा हे उत्तर विषय समजण्यापुरतेच घ्यावे.

प्रतिपिंड म्हणजे दोन हात आणि एक शेपूट असलेले प्रथिन. हात ठरावीक रेणूला धरतात. शेपूट रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाच्या प्रथिनांना आणि भक्षक पेशींना बोलावून घेते. त्यामुळे प्रतिपिंड तारक की मारक, हे त्याने कोणाला धरले आहे यावर ठरते. आपल्या भगिनींच्या रक्तातील प्रतिपिंडे भावोजींच्या एचएलए रेणूंना, म्हणजे पेशींवरील ओळखखुणांना, धरतात. गरोदरपणात बाळाच्या पेशींवर वडिलांकडून आलेले एचएलए रेणू असतात, आईची प्रतिकारयंत्रणा ते पाहते आणि लक्षात ठेवते. म्हणून मुले झालेल्या स्त्रीला पतीचे मूत्रपिंड देताना हा अडथळा अनेकदा येतो. रक्त चढवणे आणि आधीचे प्रत्यारोपण ही याची आणखी दोन कारणे. अशी प्रतिपिंडे असताना अवयव बसवला, तर ती नव्या मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तराला चिकटतात, तेथे गुठळ्या होतात आणि अवयव काही मिनिटांत ते काही तासांत निकामी होऊ शकतो. पटेल आणि तेरासाकी यांनी 1969 मध्ये हे दाखवून दिले, तेव्हापासून क्रॉसमॅचशिवाय मूत्रपिंड बसवत नाहीत.

एटीजी मात्र मूत्रपिंडाला नव्हे, तर रुग्णाच्याच टी-पेशींना, म्हणजे परक्यावर हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, धरते. ते तयार करण्यासाठी मानवी थायमस ग्रंथीतील पेशी सशाला टोचतात आणि सशाच्या रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे शुद्ध करून घेतात. त्यात एक नव्हे, अनेक तऱ्हांची प्रतिपिंडे असतात; ती टी-पेशींच्या पृष्ठभागावरील निरनिराळ्या रेणूंना चिकटतात आणि रक्तातील टी-पेशींची संख्या थोड्याच वेळात अगदी खाली जाते. ती पूर्ववत व्हायला महिने लागतात, त्यांतील सीडी4 या गटाच्या पेशींना तर कित्येकदा वर्षे. बॅसिलिक्सिमॅब याच्या अगदी उलट स्वभावाचे आहे. ते एकाच प्रकारचे प्रतिपिंड असून टी-पेशी जागी झाल्यावर तिच्यावर भरपूर उमटणाऱ्या सीडी25 या ग्राहकाला (संदेश झेलणाऱ्या रेणूला) झाकते, त्यामुळे पेशीला इंटरल्युकिन-2 चा वाढीचा संदेश मिळत नाही. पेशी मरत नाही, तिची फौज वाढत नाही, इतकेच. प्रौढांना 20 मिलिग्रॅमची एक मात्रा शस्त्रक्रियेच्या दिवशी आणि दुसरी चौथ्या दिवशी देतात, आणि परिणाम महिनाभराहून थोडा अधिक टिकतो.

ज्यांच्या शरीराने परके एचएलए पूर्वी पाहिलेले नाहीत, त्यांना हे सौम्य औषध बहुधा पुरते. आपल्या भगिनींची प्रतिकारयंत्रणा आधीच चाळवलेली आहे, आणि अशा रुग्णांत रिजेक्शनचा (शरीराने अवयव नाकारण्याचा) धोका अधिक असल्याने एटीजीची निवड करतात. मात्र एटीजी दिले म्हणून भावोजींचे मूत्रपिंड चालले असते, असे समजू नये. तयार झालेली प्रतिपिंडे अस्थिमज्जेतील प्लाझ्मा पेशी सतत सोडत असतात आणि एटीजीच्या प्रचलित मात्रांनी त्या फारशा हटत नाहीत. रितुक्सिमॅब हे दुसरे प्रतिपिंड-औषध बी-पेशींवरील (ज्यांपासून प्लाझ्मा पेशी बनतात) सीडी20 या रेणूला धरते खरे, पण प्लाझ्मा पेशींवर सीडी20 नसतेच. म्हणून अशा वेळी प्लाझ्मा (रक्तातील द्रव भाग) बदलण्यासारखे उपाय जोडीला करावे लागतात.

जुना वाचक

दुसरी शंका अधिक खोल आहे आणि गेल्या सत्तर वर्षांचे बरेचसे संशोधन तिच्याभोवतीच फिरले आहे. पीटर मेडावार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1953 मध्ये दाखवले की जन्माआधीच परक्या पेशी टोचलेला उंदीर मोठेपणी त्याच दात्याची त्वचा नाकारत नाही, इतर परकी त्वचा मात्र नाकारतो. खरा स्वीकार तो हा : यंत्रणा शाबूत, पण या एका अवयवाविरुद्ध शांत. औषधाने आणलेली शांतता तशी नसते. ती सर्वांविरुद्धच दुबळी असते.

आपला तर्क असा आहे की पेशी संपल्या म्हणजे भांडण संपले. हा प्रयोग माणसांवर खरोखर झालेला आहे. अलेम्टुझुमॅब हे एटीजीपेक्षाही खोलवर पेशी संपवणारे प्रतिपिंड आहे. केंब्रिजमध्ये रॉय काल्न यांनी 1998 मध्ये त्याच्या जोडीला सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची अल्प मात्रा देऊन चांगले परिणाम मिळवले आणि त्या अवस्थेला ‘जवळपास सहिष्णुता’ म्हटले. पुढे अमेरिकेत सात रुग्णांना या प्रतिपिंडाखेरीज दुसरे कोणतेही औषध न देता पाहण्यात आले. 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार सातही जणांना पहिल्या महिन्यात रिजेक्शनचा झटका आला (उपचारांनी तो आटोक्यात आला), आणि मूत्रपिंडात शिरलेल्या पेशी प्रामुख्याने टी-पेशी नव्हत्या, मोनोसाइट या भक्षक पेशी होत्या! शिवाय रिकामी झालेली जागा शरीर भरून काढते, आणि भरताना आघाडीवर असतात त्या नेमक्या स्मृतिपेशी, म्हणजे पूर्वी पाहिलेले परके लक्षात ठेवणाऱ्या टी-पेशी. त्या या औषधांना सहज बधत नाहीत आणि पुन्हा चेतवायलाही सोप्या असतात.

दुसरी अडचण मला त्याहून महत्त्वाची वाटते. शिमोन साकागुची यांनी 1995 मध्ये दाखवले की सीडी4 पेशींतील एक छोटा गट इतर टी-पेशींना आवर घालतो. या नियामक पेशींवरील कामासाठी 2025 चे नोबेल त्यांना, मेरी ब्रन्को आणि फ्रेड रॅम्सडेल यांना मिळाले. अवयव स्वीकारायला शिकवायचे तर याच पेशी हव्यात, आणि त्यांची ओळख म्हणजे पृष्ठभागावरील भरपूर सीडी25. बॅसिलिक्सिमॅब नेमके तेच झाकते. हल्लेखोर आणि त्यांना आवरणारे यांच्या अंगावर एकच खूण असल्यामुळे औषधाला भेद करता येत नाही. तेव्हा केंब्रिजमध्ये असलेल्या हर्मन वाल्डमन यांच्या गटाने उंदरांत सीडी4 पेशी न मारता त्यांच्यावर प्रतिपिंडांचे पांघरूण घातले, तेव्हा टिकाऊ स्वीकार निर्माण झाला आणि तो एका पिढीच्या पेशींकडून पुढच्या पेशींकडे गेला, हे 1993 चे काम म्हणूनच मला सर्वांत सुंदर वाटते. माणसांत ते तितक्या सहजपणे उतरले नाही.

तरीही आपल्यासाठी एक उदाहरण जवळचे आहे. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये पाच रुग्णांना, ज्यांचे एचएलए दात्याशी अर्धेच जुळत होते (आई आणि लेकीचे जुळते तसे), मूत्रपिंडाबरोबर त्याच दात्याची अस्थिमज्जाही दिली, आणि पूर्वतयारीत टी-पेशींवरील सीडी2 विरुद्धचे प्रतिपिंड वापरले. 2008 च्या अहवालानुसार एकाचे मूत्रपिंड प्रतिपिंडांमुळेच गेले. उरलेल्या चौघांच्या गोळ्या 9 ते 14 महिन्यांत पूर्ण बंद करता आल्या. म्हणजे स्वीकार शक्य आहे, पण त्याची किंमत म्हणून अस्थिमज्जेची कठोर पूर्वतयारी सोसावी लागते. ज्यांच्या रक्तात आधीपासून परक्या एचएलएविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, त्यांच्यावर तिचा प्रयोग करण्यास डॉक्टर धजावत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

कोकणवारा

दोघांचेही मनःपूर्वक आभार. म्हणजे एटीजी हे सुरुवातीचे धोक्याचे महिने पार पाडण्यासाठी आहे आणि गोळ्या त्यानंतरच्या काळासाठी, असे मी समजतो. एटीजी देताना व त्यानंतर घरच्यांनी कशाकडे लक्ष द्यावे, हे कोणी सांगू शकेल का?

शुश्रूषा

आपली समजूत बरोबर आहे. मी प्रत्यारोपण विभागात परिचारिका होते, म्हणून एवढे सांगते. एटीजी सलाइनमधून कित्येक तास सावकाश देतात, कारण पेशी एकदम फुटल्या की त्यांतून बाहेर पडणाऱ्या सायटोकाइन या संदेशवाहक प्रथिनांमुळे थंडी वाजून ताप येतो, कधी रक्तदाब खाली जातो. त्याआधी स्टेरॉइड, पॅरासिटामॉल आणि ॲलर्जीविरोधी औषध देतात, त्यामुळे हा त्रास बहुतेकांना सोसवतो. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट खाली जाऊ शकतात, म्हणून रोज रक्त तपासतात आणि त्यानुसार मात्रा कमी करतात किंवा थांबवतात; मात्रा थांबली म्हणून घाबरून जाऊ नये.

घरी आल्यावर पहिले सहा महिने अधिक जपावे लागतात. सीएमव्ही विषाणूसाठी व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर आणि न्यूमोनियाच्या एका प्रकारासाठी को-ट्रायमोक्सॅझोल दिले जाते; ‘आता बरे वाटते’ म्हणून ही औषधे मधेच सोडणारे रुग्ण मी पाहिले आहेत. आपल्याकडे क्षयाचा धोका वेगळा लक्षात ठेवावा लागतो : चढ-उतार होत राहणारा ताप आणि घटणारे वजन यांकडे खोकला नसतानाही दुर्लक्ष करू नये. जिवंत विषाणूंच्या लसी शस्त्रक्रियेनंतर चालत नाहीत, त्यामुळे कोणत्या लसी राहिल्या आहेत हे आत्ताच विचारून घ्यावे, आणि हिपॅटायटिस बी ची तपासणी झाली आहे ना, याचीही खातरजमा करावी.

आणखी एक. आईंच्या अंतिम तपासण्यांत काही अडचण निघालीच, तर भावोजींचा मार्ग पूर्ण बंद झाला असे मानू नका. अवयव प्रत्यारोपण कायद्यातील 2011 च्या दुरुस्तीने दोन कुटुंबांतील दात्यांची अदलाबदल मान्य केली आहे. आपल्या रुग्णालयातील प्रत्यारोपण समन्वयकांकडे अशा नोंदणीची चौकशी आत्ताच करून ठेवावी, कारण जोडी जुळायला वेळ लागतो.