शनिवार-रविवार पेस्ट कंट्रोल सुरू करायचंय: परवाना, विमा आणि दर कसे ठरवू?

अंबडचा_केमिस्ट (नाशिक)

नमस्कार. मी अंबड एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये आहे, बी.एस्सी. केमिस्ट्री. मुलगी यंदा अकरावीला गेली, क्लासच्या फीने कंबर मोडलीये. शनिवारी दुपारनंतर आणि रविवारी मी मोकळा असतो.

आमच्या सोसायटीत झुरळांचं औषध मारायला येणारे काका आता वयामुळे काम थांबवतायत. माझा पंप घे आणि माझी ३०-३५ घरं सांभाळ, असं म्हणतात. माणूस प्रामाणिक आहे. पण त्यांच्या पेटीत धान्यात ठेवायच्या गोळ्यांची डबी दिसली. विचारलं तर म्हणाले, ढेकूण फारच झाले तर खोली बंद करून ठेवायच्या. ते ऐकून दचकलो.

तर प्रशिक्षण कुठे घ्यायचं, परवाना लागतो का, विमा कोणता काढायचा आणि दर कसे लावायचे? काकांचा दर आहे घरामागे ४०० रुपये, घर केवढंही असो.

पंपवाला_ठाणे

दादा, सगळ्यात आधी त्या डबीचं बोलतो. ते ॲल्युमिनियम फॉस्फाइड. हवेतल्या ओलाव्याने त्यातून फॉस्फिन गॅस सुटतो आणि फटींतून, पाइपांच्या भोकांतून शेजारच्या घरात जातो. तिथे कुणी झोपलेलं असतं. त्याच्यावर उतारा नाही, डॉक्टरसुद्धा फक्त शरीर सावरून धरायचा प्रयत्न करतात. खास मान्यता असलेल्या फ्युमिगेशनवाल्यांखेरीज (विषारी गॅसने कीड मारणाऱ्यांखेरीज) कुणी त्याला हात लावायचा नाही, आणि राहत्या इमारतीत तर नाहीच. काकांना हात जोडून सांगा. ती डबी कचऱ्यात टाकू नका, तिला पाणी लागू देऊ नका. बंदच ठेवा आणि कृषी खात्याच्या माणसाला विचारून विल्हेवाट लावा. पेटीत नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस असेल तर तेही बाजूला काढा, ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे.

परवाना लागतो. पैसे घेऊन औषध मारायचं म्हटलं की कीटकनाशक कायदा १९६८ आणि १९७१ चे नियम आले. कृषीची पदवी किंवा रसायनशास्त्र विषय असलेली विज्ञानाची पदवी, आणि मान्य संस्थेतलं किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण. म्हैसूरची सीएफटीआरआय (अन्न तंत्रज्ञान संस्था), हैदराबादची एनआयपीएचएम (वनस्पती आरोग्य संस्था), हापूडची धान्य साठवण संस्था, ही त्यातली नावं. तुमची पदवी बसते, म्हणजे अर्धं काम झालंय. मी बारावी. मला १४ वर्षांपूर्वी परवान्यासाठी पदवीधर माणूस पगारावर ठेवावा लागला. सुट्टी साठवा आणि १५ दिवस जाऊन या.

पण प्रमाणपत्र आलं म्हणून हात तयार होत नाही. दोन-तीन महिने कुणा परवानाधारकाबरोबर फिरा. झुरळांच्या जेलचा, म्हणजे विषारी आमिषाचा, थेंब मुगाच्या दाण्याएवढाच हवा. ट्रॉलीच्या बिजागरीपाशी, फ्रिजच्या मागे कॉम्प्रेसरजवळ, सिंकखालच्या कोपऱ्यात. जिथे जेल तिथे स्प्रे मारायचा नाही, झुरळ मग जेलकडे फिरकत नाही. गिऱ्हाइकाला बजावायचं की त्या जागा फिनेलने पुसू नका. आणि बाटलीवरचा रंगीत त्रिकोण बघायची सवय लावा: लाल सर्वांत विषारी, मग पिवळा, निळा, हिरवा.

माझी एक चूक सांगतो. दुसऱ्या वर्षी एका घरात ढेकणांसाठी सायपरमेथ्रिन मारलं. हॉलमध्ये फिश टँक होता. वरून चादर टाकली, पण हवेचा पंप चालूच राहिला. सायपरमेथ्रिन पायरेथ्रॉइड गटातलं, हा गट माशांना फार जहाल, आणि तो पंप खोलीतली हवा पाण्यात ओढत होता. संध्याकाळी फोन आला. गेलो तर सगळे मासे पाण्यावर आडवे, आणि त्या घरातला सात-आठ वर्षांचा मुलगा काचेला हात लावून उभा. पैसे मी खिशातून दिले, विमा नव्हता. पण त्या पोराला काय सांगावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. तेव्हापासून दारात पाऊल टाकायच्या आधी विचारतो: टँक, पक्षी, मांजर-कुत्रं, रांगतं मूल, गरोदर बाई, दमेकरी. वहीत लिहून सही घेतो.

विमा_आणि_आपण (पुणे)

मी जनरल इन्शुरन्सचं काम करते. वरच्या दादांसारख्या प्रसंगासाठी थर्ड पार्टी लायबिलिटी पॉलिसी असते, म्हणजे तुमच्या कामामुळे दुसऱ्याच्या शरीराला किंवा मालमत्तेला झालेलं नुकसान. मात्र बऱ्याच पॉलिसींत प्रदूषणाचं नुकसान वगळलेलं असतं. औषधाचा फवारा त्यात धरणार का, हे विकत घेण्याआधी कंपनीकडून लेखी घ्या. एजंटच्या तोंडी शब्दावर राहू नका. परवान्याशिवाय काम करताना काही घडलं तर क्लेम मिळेल ही आशा सोडा.

स्वतःचा अपघात विमा वेगळा काढा आणि अर्जात धंदा खरा लिहा. नुसतं 'लॅबमध्ये नोकरी' लिहाल तर पुढे तेच आडवं येईल. मदतीला एखादा पोरगा रोजावर घेतलात तर कामावर त्याला काही झालं तर भरपाईची जबाबदारी कायद्याने तुमच्यावर येते. त्याचाही विमा घ्या. त्याच्या घरीही कुणीतरी वाट बघत असतं.

पंपवाला_ठाणे

ताईंनी बरोबर सांगितलं. त्यातच वाळवीचं जोडतो. वाळवीला भिंतीच्या कडेने साधारण फुटाफुटावर १२ मिमीची भोकं पाडून औषध सोडावं लागतं. लपलेली वायर किंवा पाण्याची लाइन लागली की गेलं. पहिलं वर्ष वाळवी घेऊच नका.

दराचं. ४०० मध्ये काकांचं भागलं, कारण त्यांनी स्वतःचा वेळ कधी धरला नाही. तुम्ही मांडून बघा: जेल, पेट्रोल, जाऊन-येऊन अडीच तास, नायट्राइल हातमोजे, मास्कची कार्ट्रिज (कापडी मास्क अजिबात नको), विम्याचा वर्षाचा हप्ता भागिले घरं, आणि फुकटची एक फेरी. ती फेरी धराच, गिऱ्हाईक बोलावतंच. मी ठाण्यात झुरळांना वन बीएचकेला ९००, टूला १२०० घेतो. ढेकणांना ३०००च्या खाली जात नाही, कारण अंडी बहुतेक औषधांनी मरत नाहीत. १२-१५ दिवसांनी परत जावंच लागतं. एका फेरीत ढेकूण संपवतो म्हणणारा खोटं बोलतो. नाशिकला दर थोडे कमी असतील, पण ४०० वर औषध पातळ करूनच भागवावं लागेल. ते करू नका.

डोंबिवलीची_आई

मी गिऱ्हाईक म्हणून लिहिते. धाकटा दहा महिन्यांचा असताना आमच्याकडे एक जण आला, काय मारतोय ते सांगेना, 'हर्बल आहे' एवढंच. मी त्याला परत पाठवला. दुसरा आला त्याने बाटली दाखवली, फरशी कधी पुसायची आणि बाळाला कधी खाली सोडायचं ते कागदावर लिहून दिलं. तीनशे रुपये जास्त घेतले त्याने, आणि तीन वर्षं मी त्यालाच बोलावतेय.

अंबडचा_केमिस्ट

सगळ्यांचे मनापासून आभार. काल काकांकडे बसलो. गोळ्यांचं ऐकून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, एका घरात असं केलं होतं, वरच्या मजल्यावर लहान मूल होतं, देवानेच राखलं. डबी त्यांनी सुक्या कपाटात कुलूप लावून ठेवलीये, सोमवारी आम्ही दोघे कृषी कार्यालयात जातोय. परवान्याचा अर्जही तिथेच विचारतो. पंप घेतोय, पण परवाना येईपर्यंत त्याला हात लावणार नाही. तोवर काकांच्या घरांना दुसरा परवानाधारक कोण, हे शोधतोय. नाशिकमध्ये कुणी ओळखीचं असेल आणि मला रविवारी बरोबर घेणार असेल तर कळवा, पिशवी उचलायलाही येईन.